बाथरूममधला शॅमेलिऑन भरदिवसा डोळे मिटतो, बरा होतो, पुन्हा मिटतो: आमच्याकडे सापडलेलं कारण

त्रास असा होता. बाथरूमचा एक भाग वेगळा काढून तिथे शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, ठेवला. दोन-तीन आठवडे छान गेले. मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, दिवे चालू असताना, पंत फांदीवर डोळे मिटून बसलेले. डॉक्टर झाले, औषध झालं, स्वारी बरी झाली, परत आपल्या जागी गेली. पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी तेच. असं तीनदा झालं आणि तिसऱ्यांदा मात्र मी औषधाच्या बाटलीकडे बघायचं सोडून भिंतींकडे बघायला लागले.

पंत म्हणजे आमचा व्हेल्ड शॅमेलिऑन. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाची. डोक्यावर पगडीसारखा उंच शिरपेच, चाल सावकाश आणि चेहऱ्यावर कायम कसली तरी नाराजी, त्यामुळे घरात दुसरं नाव सुचलंच नाही. पाळीव जोडीपासून जन्मलेला, कागदपत्रांसकट आणलेला आहे. शॅमेलिऑनच्या बहुतेक सगळ्या जाती सायटीसच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आहेत, तेव्हा रानातून उचललेला घोयरा (आपल्याकडचा शॅमेलिऑन) पाळायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो इथेच सोडा. पुढचं सगळं पाळीव जनावराबद्दल आहे.

आधी एक निकडीची गोष्ट. निरोगी शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसत नाही. एखादा डोळा क्षणभर मिटून बुबुळ आत फिरवून साफ करतो, ते वेगळं. पण दिवसाउजेडी दोन्ही डोळे बंद, मान वर, तोंड किंचित उघडं, श्वासाबरोबर टिक् टिक् आवाज किंवा तोंडाच्या कडेला चिकट बुडबुडे, यातलं काहीही दिसलं तर हा लेख नंतर वाचा, आधी सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा. सरड्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, म्हणून छातीत साचलेलं तिथेच राहतं आणि आजार आतल्या आत वाढतो. दिव्याखाली ऊन खात बसलेला असताना तोंड उघडं ठेवणं म्हणजे मात्र बहुतेक वेळा नुसतं गरम होणं. तिथून हलल्यावर तोंड मिटलं तर काळजी नाही. सावलीत, गारव्यात बसूनही उघडंच असेल तर काळजी आहे.

आता आमची जागा. बाथरूम साधारण आठ फूट बाय पाच फूट. खिडकीकडच्या टोकाला पूर्वी वॉशिंग मशीन होतं. ते हलवलं आणि अडीच फुटांची पट्टी मोकळी झाली. काचेचं पार्टिशन दोन मीटर उंचीपर्यंत, त्याच्यावर छतापर्यंत जाळी. आत फायकसचं झाड, मनीप्लांटच्या वेली, जास्वंद, आडव्या-तिरप्या फांद्या, वर टी-५ यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) आणि एक साधा ऊन देणारा बल्ब. मोठ्या व्हेल्डला निदान दोन फूट बाय दोन फूट बाय चार फूट जागा हवी असं सांगतात. पंतांना त्याच्या दुपटीहून जास्त मिळाली होती. बाकीच्या भागात आमच्या चौघांच्या आंघोळी चालूच.

बाथरूम निवडण्यामागचा विचार सगळ्यांचा असतो तोच: फरशीला उतार आहे, पाणी निचरतं, टाइल्स पुसता येतात आणि "त्याला दमट हवा लागते, इथे ती फुकट आहे." यातली पहिली तीन वाक्यं खरी आहेत. चौथ्याने आमचा घात केला.

पहिल्या खेपेला डॉक्टरांनी छातीचा संसर्ग सांगितला, औषध दिलं आणि औषध देणं सोपं जावं म्हणून पंतांना हॉलमध्ये छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. तिथे ते झपाट्याने सुधारले. दुसऱ्या खेपेला मी झाडं बदलली, कुंडीतली माती बदलली, फांद्या उकळत्या पाण्याने धुतल्या. पुन्हा हॉलमध्ये बरे, पुन्हा बाथरूममध्ये आजारी. दोष जनावरात नाही, जागेत आहे, हे इतक्या उशिरा कळायला नको होतं. औषधाने बरं वाटलं असं आम्ही धरून चाललो होतो, पण निम्मं श्रेय हॉलच्या कोरड्या हवेचं होतं.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर हवेत ओलावा किती असतो?" मी अभिमानाने सांगितलं, पन्नास टक्के. हायग्रोमीटर लावला होता, रोज बघत होते, काटा पन्नासच्या आसपासच. त्यांचा पुढचा प्रश्न: "कुठे लावलाय?"

दिव्याजवळ लावला होता. कारण तिथून तो काचेबाहेरून नीट दिसायचा.

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण सगळ्या घोळाचं मूळ त्यात आहे. हायग्रोमीटर जो टक्का दाखवतो तो हवेत पाणी किती आहे याचा नसतो. त्या तापमानाची हवा जेवढं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के आहे, याचा असतो. ३० अंशांची एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम वाफ धरते, २२ अंशांची साडेएकोणीस ग्रॅम, १८ अंशांची जेमतेम साडेपंधरा. दिव्याजवळ ३० अंशांना ५० टक्के म्हणजे १५ ग्रॅम. तीच हवा मागच्या कोपऱ्यात, झाडामागे २२ अंशांना आली की टक्का होतो ७८. आणि सकाळी बाहेरच्या भिंतीची टाइल १८ अंशांना असली की त्या टाइलला लागून तो जवळजवळ शंभर, म्हणजे दव. माझा काटा पन्नास दाखवत होता तेव्हा पंतांच्या पाठीमागे भिंत घामेजलेली होती.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघितलं. साडेदहाला काचेतून आत डोकावले तेव्हा जास्वंदीच्या पानाच्या टोकाला एक थेंब लटकलेला. फवारा सकाळी सहाला झाला होता, म्हणजे साडेचार तासांपूर्वी. अकराला तो थेंब तिथेच. साडेअकराला पडला आणि त्याच्या जागी दुसरा फुगायला लागला. मागच्या टाइल्सच्या सांध्यांमध्ये काळ्या ठिपक्यांची रांग होती, मुंग्यांच्या रांगेसारखी, बरोबर झाडाच्या सावलीपुरती. दिव्याचा उजेड जिथे पडत होता तिथे एकही ठिपका नव्हता.

माझा सगळ्यांना पहिला सल्ला म्हणून हाच. दोन हायग्रोमीटर घ्या, किंवा तासातासाची नोंद ठेवणारा छोटा डेटा लॉगर घ्या, आणि एक तरी सगळ्यात गार, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, जनावर झोपतं त्या उंचीवर लावा. स्वस्तातले हायग्रोमीटर दहा-दहा टक्के चुकतात, म्हणून आधी तपासा: झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, हायग्रोमीटरसोबत ते घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा तास ठेवा. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. काटा ६८ दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक आकड्यात सात मिळवायचे. माझा एक ८२ दाखवत होता. त्याला काढून टाकलं नाही, त्याच्यावर "वजा सात" अशी चिठ्ठी चिकटवली.

शॅमेलिऑनला ओलावा लागतो हे खोटं नाही. पण तो कधी लागतो हे महत्त्वाचं. व्हेल्डसाठी दिवसा ३० ते ५० टक्के, पानं सुकलेली, हवा हलती. रात्री दिवे बंद, तापमान विशीच्या आसपास किंवा खाली, आणि मग खुशाल ८०-९०, धुकंसुद्धा चालतं. रानात त्यांना तसंच मिळतं: पहाटे दव आणि धुकं, ऊन चढलं की कोरडं. गार आणि ओलं चालतं, गरम आणि कोरडं चालतं. गरम, ओलं आणि कोंदट हे त्रिकूट त्यांना सोसत नाही, आणि बुरशी नि जीवाणूंना नेमकं तेच आवडतं. आंघोळीनंतरचं बाथरूम म्हणजे तेच त्रिकूट. पँथर शॅमेलिऑन मादागास्करचा, त्याला दिवसा थोडा जास्त ओलावा चालतो, पण कोंदटपणा त्यालाही नको.

लॉगर एक आठवडा ठेवला. आलेख बघून नवरा म्हणाला, हा तर आपल्या घराचा हजेरीपट. साडेसहाला पहिली आंघोळ, सव्वासातला दुसरी, आठपर्यंत चारही. प्रत्येक आंघोळीला मागच्या कोपऱ्यात टेकडी, ९५ टक्के आणि तापमान २८. शेवटच्या आंघोळीनंतर तो आकडा साठच्या खाली यायला दुपारचा एक वाजायचा. रविवारी तर आंघोळी अकरापर्यंत लांबायच्या, त्यात आतल्या दांडीवर दोन टॉवेल आणि धुतलेले कपडे. रविवारी दिवसभरात आकडा सत्तरच्या खाली आलाच नाही. मागे जाऊन आठवलं तर पंतांचे डोळे दोनदा सोमवारी आणि एकदा मंगळवारी मिटले होते.

पण एक्झॉस्ट पंखा तर होता, आणि आंघोळ झाली की आम्ही तो न चुकता लावत होतो. मग वाफ जात का नव्हती? पंतांना हॉलमध्ये ठेवलं, उदबत्ती लावली आणि बाथरूमभर फिरवली. गरम पाण्याचा शॉवर चालू, पंखा चालू. शॉवरजवळचा धूर आधी वर गेला, मग आडवा झाला, पार्टिशनवरच्या जाळीतून सरळ आत शिरला, फायकसच्या शेंड्याभोवती घुटमळला आणि तिथून खिडकीतल्या पंख्याकडे गेला.

पंखा पंतांच्या डोक्यावर होता. खिडकी तिथे, म्हणून पंखा तिथे, म्हणून उजेड तिथे, म्हणून पंतही तिथे. चौघांच्या आंघोळीची सगळी वाफ आम्ही रोज इमानदारीने त्यांच्या अंगावरून ओढून बाहेर काढत होतो. पंखा जितका जास्त वेळ लावू तितकी जास्त.

ज्यांच्याकडे असा त्रास पुन्हा पुन्हा येतोय त्यांनी इतर काही करण्याआधी ही धुराची चाचणी करावी, अर्थात जनावर बाहेर काढून. वारा कुठून कुठे जातो हे डोळ्यांनी बघेपर्यंत खरं वाटत नाही. नियम सोपा आहे: कोरडी हवा आधी शॅमेलिऑनकडे, मग आंघोळीकडे, मग बाहेर. उलट क्रम असेल तर बाकी सगळे उपाय वरवरचे.

पंखा दुसरीकडे हलवायला भिंतीला भोक पाडावं लागलं असतं. त्याऐवजी पंख्याच्या तोंडाला चार इंची पाइप जोडून तो छताखालून आडवा नेला आणि त्याचं तोंड शॉवरच्या वर काढलं. पाइपला किंचित उतार शॉवरच्या बाजूला दिला, म्हणजे आत वाफेचं पाणी झालं तर ते तिकडेच ठिबकेल. पार्टिशनवरची जाळी ॲक्रिलिकच्या पत्र्याने बंद केली, वर फक्त दोन बोटं फट ठेवली. खिडकीच्या खालच्या भागात जाळीचा झरोका केला आणि तिथे कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा छोटा पंखा बसवला, हवा आत ढकलणारा. हा दिवसभर मंद चालतो. म्हणजे बाहेरची हवा खालून पंतांकडे येते, वरच्या फटीतून आंघोळीच्या बाजूला जाते आणि पाइपातून बाहेर. झरोका आणि पाइपाचं बाहेरचं तोंड लांब लांब हवं, नाहीतर बाहेर टाकलेलीच वाफ पुन्हा आत. आमच्याकडे सुरुवातीला तीही चूक झाली, मग बाहेरच्या तोंडाला एक कोपर लावून ते वळवलं. आतल्या पंख्याचा वारा थेट फांदीवर बसू नये म्हणून पुढे एक पट्टी तिरकी लावली आहे. हलती हवा म्हणजे झोत नव्हे.

तुमच्याकडे असा बारका पंखा नसेल आणि सगळी हवा दाराकडूनच येत असेल, तर दाराखाली निदान दोन सेंटिमीटर फट आहे का बघा. दार घट्ट बसत असेल तर पंखा नुसता फिरतो, आवाज करतो, हवा हलत नाही. टिश्यूचा कागद पंख्याच्या जाळीला लावून बघा: दार उघडं असताना चिकटतो आणि बंद केल्यावर गळून पडतो, तर तुमचा पंखा उपाशी आहे.

दुसरा बदल बिनखर्चाचा आणि सगळ्यात भांडणाचा: वायपर. आमच्या बाथरूमची सगळी हवा साडेनऊ घनमीटर. २५ अंशांना ती जास्तीत जास्त सव्वादोनशे ग्रॅम पाणी धरू शकते. आंघोळीनंतर फरशीवर आणि भिंतींवर राहिलेला पातळ ओलसर थर सहज लिटरभर असतो, म्हणजे खोलीच्या हवेला चौपटीहून जास्त पुरेल इतका. पंखा एका बाजूने वाफ काढतो आणि फरशी दुसऱ्या बाजूने ती भरत राहते, तासन् तास. दोन मिनिटं वायपर फिरवला की ते पाणी वाफ व्हायच्या आधीच नहाणीत जातं. आमच्याकडे आता नियम आहे, ज्याची आंघोळ शेवटची त्याने भिंती आणि फरशी ओढायची. त्यामुळे शेवटचा नंबर कुणालाच नको असतो आणि आंघोळी आपोआप लवकर उरकतात. ओले टॉवेल आणि कपडे बाथरूमबाहेर, याला अपवाद नाही. पंखा शेवटच्या आंघोळीनंतर चाळीस मिनिटं.

फवाऱ्याची वेळही बदलली. पूर्वी दिवसातून चार वेळा फवारत होतो, कारण "त्याला पाणी लागतं." आता पहाटे दिवे लागण्याआधी दोन मिनिटं आणि रात्री दिवे गेल्यावर दोन मिनिटं. मध्यरात्रीनंतर तापमान उतरलं की तीन तास फॉगर (गार धुकं सोडणारं यंत्र), तोही अधूनमधून. दुपारी फक्त ठिबक: वर ठेवलेल्या भांड्यातून एका पानावर थेंब थेंब, वीस-पंचवीस मिनिटं. वाटीतलं साचलेलं पाणी शॅमेलिऑन सहसा ओळखतच नाही, पानावरचा चमकणारा, हलणारा थेंब त्याला कळतो. पाणी पुरतंय की नाही हे विष्ठेसोबतच्या युरेटवरून, म्हणजे लघवीच्या घट्ट भागावरून, कळतं: पांढरं असेल तर ठीक, गर्द पिवळं किंवा नारिंगी झालं तर कमी पडतंय. फवारा निम्म्यावर आणल्यावर मला धाकधूक होती, म्हणून महिनाभर रोज टॉर्च घेऊन तेच बघत होते. पांढरंच राहिलं.

पावसाळी दिवसांत हा हिशोब थोडा कोलमडतो, हे आधीच सांगते. बाहेर २५ अंश आणि ९० टक्के असताना ती हवा आत आणून २९ अंशांपर्यंत तापवली तरी सत्तरच्या थोडं वरच राहते. पन्नासचा हट्ट तेव्हा सोडायचा. त्या दिवसांत पहाटेचा फवारा आणि फॉगर दोन्ही बंद, फक्त ठिबक, आणि हवा हलती. आकड्यापेक्षा पानं सुकतात का ते बघायचं. दिवे लागल्यापासून दोन तासांत पानं कोरडी झाली नाहीत तर काहीतरी अडलंय.

काळ्या बुरशीबद्दल. ती घासून जाते आणि ओलावा तसाच असेल तर परत येते, त्यामुळे वारा दुरुस्त करण्याआधी घासण्यात मी तीन रविवार वाया घालवले. नंतर एकदाच नीट केलं. टाइल्सच्या सांध्यांवर पातळ केलेलं ब्लीच, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी, मग पूर्ण वास जाईपर्यंत वाळवणं. सिलिकॉनच्या आत शिरलेली बुरशी पुसून जात नाही. ते सिलिकॉन पातीने कापून काढून नवीन भरावं लागतं आणि त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत जनावर बाहेर ठेवावं लागतं. यात एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे: टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. पंतांचाच नव्हे, तुमचाही प्रश्न आहे. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. आम्ही आता रोजची साफसफाई गरम पाणी आणि ब्रशवर भागवतो. सुगंधी स्प्रे, डिओ आणि जाळीवर ठेवायच्या डांबर गोळ्या या तिन्ही गोष्टी बाथरूममधून हद्दपार आहेत.

डांबर गोळ्या काढल्यावर मात्र एक नवा वास सुरू झाला. अंड्यासारखा, सकाळी जास्त. माझा संशय आधी कुजलेल्या मुळांवर गेला, दोन कुंड्या उपसून झाल्या. शेवटी कळलं की पंतांच्या भागात एक जुना नहाणी ट्रॅप आहे, वॉशिंग मशीनच्या वेळचा. त्यात आता पाणी जातच नव्हतं, कारण फवाऱ्याचं पाणी मी नळीने दुसरीकडे वळवलं होतं. ट्रॅपमधलं दोन इंचांचं पाणी हेच गटाराच्या वासाला अडवणारं झाकण असतं. ते सुकलं, वर एक्झॉस्ट पंखा ओढायला होताच, आणि गटाराची हवा थेट आत. दर आठवड्याला एक तांब्या पाणी ओतलं की वास बंद. आता फवाऱ्याच्या तबकाची नळी त्याच ट्रॅपमध्ये सोडली आहे, म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही. तबकात पाणी साचून राहत नाही ना, हे मात्र बघायचं, नाहीतर चिलटं होतात.

वीज. फवाऱ्याचा पंप लागला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायचा, पण रोज नाही, तीन-चार दिवसांतून एकदा. आम्ही तो उचलून पुन्हा लावत होतो, जे अजिबात करायचं नसतं. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी पडतो म्हणजे कुठेतरी करंट पाण्यातून किंवा भलत्या वाटेने जातोय. इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत दाखवलं: वरच्या नळीवरून ओघळलेलं पाणी वायरच्या अंगाने खाली उतरून ॲडाप्टरमध्ये जात होतं. वायर सॉकेटकडे वरून खाली येत असेल तर पाणीही त्याच वाटेने येणार. आता प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ आहे, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी पडतो, सॉकेटपर्यंत चढत नाही. ॲडाप्टर, टायमर आणि सगळे जोड बाथरूमच्या बाहेर नेले, आत फक्त बारा व्होल्टच्या वायरी आणि दिव्यांच्या सीलबंद पट्ट्या. आरसीसीबी नसेल तर हा सगळा उद्योग सुरूच करू नका.

काही किरकोळ गोष्टी. बाथरूमच्या खिडकीतून ऊन येतं म्हणून यूव्हीबी ट्यूब वगळू नका, काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. ट्यूब उजेड देत राहते पण तिचं यूव्हीबी उतरत जातं, साधारण वर्षाने बदलायची. पार्टिशनसाठी जे ॲक्रिलिक वापराल ते ट्यूब आणि जनावराच्या मध्ये येऊ देऊ नका, तेही अडवतं. बेसिनवरचा आरसा त्याला दिसत असेल तर झाका. पंत रोज सकाळी एका कुशीने फुगून गडद पट्टे दाखवत होते, आम्हाला वाटलं आमच्यावर रागावलेत, ते आरशातल्या पंतांवर रागावले होते. लोकांना वाटतं रंग बदलतो तो लपण्यासाठी. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक दाखवले, त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो, आणि हा बदल नर दुसऱ्या नराला किंवा मादीला बघून करतो. तेव्हा दिवसभर काळपट, मळकट रंग दिसला तर पार्श्वभूमी शोधू नका, त्याला गार लागतंय की काही खुपतंय ते शोधा.

खायला सोडलेले किडे मोजून सोडा. निसटलेला रातकिडा नहाणीच्या जाळीखाली जाऊन रात्रभर गातो, हे एक वेळ सोसता येईल. पण झुरळांसाठी लावलेलं जेल खाऊन तो परत वर आला आणि पंतांनी टिपला तर काय, या विचाराने आम्ही ते जेल काढून जाळीखाली बारीक स्टीलची दुसरी जाळी लावली.

हे सगळं करून आठ महिने झाले. आता मागच्या कोपऱ्यातला आकडा साडेनऊपर्यंत पंचावन्नच्या खाली येतो, रविवारी साडेअकरापर्यंत. टाइल्सचे सांधे पांढरे आहेत. डोळे एकदाही मिटले नाहीत.

तुमच्याकडे लॉगर कोपऱ्यात लावूनही दिवसाचे आकडे चांगले असतील, पानं सुकत असतील, आणि तरीही डोळे मिटत असतील, तर मग ओलाव्याच्या मागे लागू नका. एकच डोळा मिटत असेल तर आत काही कण अडकला असेल. दोन्ही डोळे खोल गेलेले दिसत असतील तर पाणी कमी पडतंय. पापण्या सुजल्या असतील तर अ जीवनसत्त्वाची कमतरता हे एक नेहमीचं कारण आहे, पण ते अंदाजाने पाजू नका, जास्त झालं तर तेही विषारी. मात्रा डॉक्टरच ठरवतील. नवा दिवा लावल्यापासून सुरू झालं असेल तर तो खूप जवळ किंवा खूप तीव्र आहे का बघा. आणि डॉक्टरकडे जाताना लॉगरचा आलेख, झोपायच्या फांदीचा फोटो आणि ताज्या विष्ठेचा नमुना सोबत न्या. आमच्या डॉक्टरांनी तिसऱ्या भेटीत पंतांकडे दोन मिनिटं बघितलं आणि आलेखाकडे दहा.